मुठीत मावेल एवढं पांढरं

सारी-जोन कुरण,
१२ जून २००१

चि. इशेनालीस झूराकान-एजेचे अ. उ. आ.

पन्नाशी ओलांडलीस तरी मी तुला चिरंजीवच लिहिणार. धाकटा भाऊ मोठा होत नाही, त्याला फक्त टक्कल पडतं.

आम्ही सुखरूप वर आलो. तंबू उभा राहिला, पण धुराड्याचा वरचा नळा खाली गावातच विसरला. त्यामुळे सध्या घरातली सगळी माणसं धुरी दिलेल्या मटणासारखी दिसतात आणि वासही तसाच मारतात.

कानिशायनं मला सगळं सांगितलं. म्हणजे निम्मं तिनं सांगितलं, उरलेलं तिच्या लाल झालेल्या कानांनी. पोरगी तुझ्याकडे नर्सिंग शिकायला ठेवली आणि तू तिला वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरच्या हवाली केलीस! त्या एल्दियारविषयी तू पान भरून लिहिलं आहेस: सुस्वभावी, विनयशील, वाचनाची आवड. हे काय नवऱ्या मुलाचं वर्णन झालं? हे तर ग्रंथपालाचं झालं. घोड्यावरून पडतो का, चरबी खातो का, आईसमोर तोंड उघडतो का, यातलं एक अक्षर नाही.

तरी तुझ्या भावजींनी सगळं ऐकून घेतलं आणि उठून खोगिराला तेल लावायला बसले. ओस्मोनकुलच्या घरात खोगिराला तेल म्हणजे होकार, एवढं मला आता कळतं. तेव्हा त्या मुलाच्या आईला सांग, डूल घेऊन या. पोरीच्या कानात डूल पडले की बोलणी पक्की.

एक गोष्ट मात्र विहीणबाईंना बजावून सांग. फुलांचं नाव काढायचं नाही. तू शहरात इतकी वर्षं काढलीस म्हणून आठवण करून देते. ते पांढरं लोकरी फूल, ज्याला तुमच्याकडे एडेलवाईस म्हणून काचेत लावतात, ते मेंढ्या खात नाहीत. बाकीचं गवत ओरबाडून झालं की तेवढंच उरतं, आणि मोकळी जमीन मिळाली की ऐसपैस पसरतं. ज्याच्या उतारावर पांढरं जास्त, त्यानं कुरणाची माती केली, हे आपल्याकडे पाळण्यातल्या पोराला कळतं. वसंतात सगळे जमले होते तेव्हा शेजारचा तुर्दुकुल सगळ्यांसमोर म्हणाला की यंदा ओस्मोनकुलच्या कुरणावर फुलं काय बहरलीत हो! माणसं हसली. तुझे भावजी तेव्हापासून धड जेवलेले नाहीत. बोलला ते खोटं असतं तर यांनी भांडून पचवलं असतं. खरं होतं, म्हणून घशात अडकलंय.

खिंडीपलीकडे कमरेएवढं गवत वाऱ्यावर डोलतंय. पण खिंडीची वाट तुर्दुकुलच्या दारावरून जाते, आणि दारावरून जायचं तर त्या घरचा नानचा तुकडा तोंडाला लावल्याशिवाय जाता येत नाही. तो नान तोंडात घेण्यापेक्षा मेंढ्या दगड चाटतील, असं तुझे भावजी म्हणतात. सगळं त्यानं दिलेल्या आणि लांडग्यापुढे कच खाल्लेल्या त्या कुत्र्यावरून. तुला माहीतच आहे.

तेव्हा फुलं हा शब्दही नको. हे पत्र दुधाच्या ट्रकवाल्याकडे देत आहे.

कळावे. लोभ असू दे, आणि तो आटला असेल तर निदान धुराड्याचा नळा पाठव.

तुझी,
झूराकान-एजे

*

बिश्केक,
१९ जून २००१

ती. झूराकान-एजेस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र नाही. दुधाचा ट्रकवाला वाटेत मासे पकडत बसला असावा. त्याच्याजवळच्या पत्रांना नेहमी माशांचा वास येतो आणि दुधालाही.

इकडे सर्व क्षेम आहे. माझ्या संस्कृतच्या वर्गात यंदा लक्षणीय वाढ झाली. गतवर्षी आम्ही एकवचनात होतो, आता द्विवचनात आलो आहोत. बहुवचन माझ्या निवृत्तीपर्यंत दिसेल असं वाटत नाही.

रविवारी एल्दियार आणि त्याच्या मातोश्री तुमच्याकडे यायला निघतील. मातोश्रींचं नाव रोझा. संगीत शाळेत पियानो शिकवतात. जन्म शहरातला, त्यामुळे घोड्यावर उजव्या बाजूनं चढायला जातात आणि घोडा चकित होतो. पण बाई मनाच्या मोकळ्या आहेत, आणि कानिशायवर त्यांचा इतका जीव आहे की परवा तिच्यासाठी विणलेले हातमोजे दाखवायला आल्या आणि तिच्या बोटांचं कौतुक करताना रडल्या. आपल्या पोरीच्या बोटांवर आजवर कुणी रडलेलं मला आठवत नाही.

काय घेऊन जावं असं त्यांनी मला विचारलं. डूल, पांढरा रुमाल, मिठाई, असं मी सांगितलं. त्यांना ते फार कोरडं वाटलं. मग त्यांनाच सुचलं की आल्प्समध्ये म्हणे प्रियकर जिवावर उदार होऊन कड्यावरून एडेलवाईस आणतात. तर आपणही तुमच्याच उतारावर चार फुलं खुडून पहिला गुच्छ व्याह्यांच्या हाती द्यावा. मी त्या वेळी एका अडेल धातुरूपाच्या मागे लागलो होतो. वर न पाहता म्हणालो, वा, फारच सुंदर.

चरबीचं तू विचारशीलच, तर एल्दियार खातो. पण नंतर सगळ्यांना दात घासायला लावतो.

कळावे. लोभाचं पात्र मी आहेच, रिकामं राहू देऊ नकोस.

तुझा,
इशेनाली

*

सारी-जोन,
२५ जून २००१

चि. इशेनालीस, आशीर्वाद शिल्लक असतील तर अ. उ. आ.

तुझं पत्र काल संध्याकाळी मिळालं, पाहुणे परत गेल्यावर. माझं तुला मिळालं नसणार, हे मला सकाळीच कळलं होतं. कसं कळलं ते ऐक.

पाहुणे येणार एवढा निरोप तोंडी पोचला होता, म्हणून मेंढा कापला होता, आजूबाजूचे सगळे तंबू जमले होते. तुर्दुकुललाही बोलवावं लागलं. शेजारी आहे, न बोलावून सांगतो कुणाला. गाडी ओढ्यापाशी थांबली आणि विहीणबाई उतरून उतारावरून पायी निघाल्या. चार पावलं टाकायच्या आणि वाकायच्या. आम्हाला वाटलं घाट लागला, बाईंना मळमळतंय. मी लिंबू शोधायला पाठवलं. जवळ आल्या तर काय, कडेवर मूल घ्यावं तसा पांढऱ्या फुलांचा भारा, त्याला निळी रेशमी फीत!

थेट तुझ्या भावजींपुढे गेल्या, भारा त्यांच्या हातात दिला आणि पियानोच्या शाळेत लावतात तसला आवाज लावून म्हणाल्या की परदेशात माणसं यातल्या एका फुलासाठी कड्यावरून पडून मरतात, आणि तुम्ही तर नुसतं पायाखाली अंथरून ठेवलंय. एवढा बहर मी जन्मात पाहिला नाही, हे सगळं तुमच्याच हातचं का हो?

इशेनाली, तुर्दुकुलच्या तोंडात शेपटीच्या चरबीचा मोठा तुकडा होता. तो भलत्या नळीत गेला. पाठीत थापा मारून मीच काढला. थापा जरा जास्तच जोरात मारल्या.

तुझे भावजी भारा घेऊन आपल्या घोड्यापाशी गेले, त्याच्या तोंडापुढे धरला. घोड्यानं हुंगलं आणि मान फिरवली. मग मेंढीपुढे धरला. ती दोन पावलं मागे सरली आणि शिंकली. मग ते परत आले, जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानावरच्या नानवर हात ठेवला आणि सगळ्यांसमोर म्हणाले की ज्या दिवशी या उतारावर तुमच्या मुठीत मावेल एवढंही पांढरं सापडणार नाही, त्या दिवशी डूल घेऊन या. त्याआधी नको.

नानवर हात ठेवून बोललेलं, तेही तुर्दुकुलच्या साक्षीनं. आता ते त्यांना स्वतःलाही गिळता येणार नाही.

विहीणबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही की त्यांनी काय केलं. त्या मला विचारत होत्या की फीत निळी होती म्हणून राग आला का. डुलांची डबी तशीच पर्समध्ये परत गेली. एल्दियारला काहीतरी कळलं असावं. तो जाताना तुझ्या भावजींकडे बघत होता, चिडून नाही, दुखऱ्या दाढेकडे बघावं तसा. कानिशायला सगळंच कळलं होतं. ती जाऊन किमिझची पखाल घुसळायला बसली, आणि असं घुसळलं की घोडीचं दूध काय, वाघिणीचं असतं तरी आंबलं असतं.

पोरीनं आजवर माझ्याकडे काही मागितलेलं नाही. हा एवढा दातांचा डॉक्टर मागितला.

कळावे. लोभ सध्या कुलपात आहे, किल्ली तुझ्याकडून यायची आहे.

झूराकान

*

बिश्केक,
७ जुलै २००१

ती. एजेस शि. सा. न. वि. वि.

तुझी दोन्ही पत्रं काल एकदम मिळाली. मी अनर्थ आधी वाचला आणि इशारा नंतर. ट्रकवाल्यानं दोन्ही एका वर्तमानपत्रात गुंडाळून दिली, आत एक मासाही होता, बहुधा भरपाई म्हणून.

रोझाबाईंना मी समोर बसवून सगळं सांगितलं. त्यांनी आधी विश्वास ठेवला नाही. मग म्हणाल्या की म्हणजे मी एखाद्याच्या घरी गेले आणि त्याच्या सासऱ्यासमोर त्याची फाटकी चादर उचलून म्हणाले, वा, काय नक्षी आहे? मी म्हणालो, तंतोतंत. तेव्हापासून त्या पियानोचं झाकण बंद ठेवून त्यावर हात आपटतात. खालच्या मजल्यावर मला आवाज येतो. सूर येत नाही, त्यामुळे पश्चात्ताप अधिक स्पष्ट ऐकू येतो.

संस्कृतात कमळाला इतकी नावं आहेत की कवींना ती मोजून संपवता आली नाहीत. मेंढीनं नाकारलेल्या फुलाला मात्र एकही नाही. यावरून कवींना जे दिसलं ते मेंढ्यांना दिसलं नाही असं आपण समजत होतो. आता उलटं वाटतं.

एल्दियारनं रजा काढली आहे. काल पोती विकत आणली. मी विचारलं, कशाला? तर म्हणाला, कानिशायच्या वडिलांनी अट घातली आहे, उतार साफ करायला चाललोय. मी त्याला काही सांगणार होतो, पण त्याच्या चेहऱ्याकडे पाहून धाडस झालं नाही. तू सांगून बघ.

धुराड्याचा नळा त्याच्याबरोबर पाठवतो आहे.

कळावे. लोभाची किल्ली नळ्याच्या आत ठेवली आहे असं समज.

इशेनाली

*

सारी-जोन,
१४ ऑगस्ट २००१

चि. इशेनालीस अ. उ. आ.

नळा बसला. आम्ही पुन्हा माणसांसारखे दिसू लागलो.

तुझा डॉक्टर आला. तुझे भावजी त्याला हाकलू शकले नाहीत, दारी आलेला पाहुणा. आणि ये बस म्हणायचीही तयारी नव्हती. तेव्हा त्यांनी त्याला नानचा तुकडा दिला आणि पाठ दिली. त्यानं नान खाल्ला आणि पाठीला नमस्कार केला.

सकाळी दव सुकलं की पोरगा गुडघ्यांवर बसून फुलं खुडायला लागायचा. कानिशाय शेजारी पोतं धरून. दोघं एकमेकांशी काय बोलायची ते ऐकायला मी मुद्दाम ताक घेऊन गेले, तर ती पोटॅशियमवर बोलत होती. आमच्या वेळी असलं काही नव्हतं.

दुपारी लोक यायचे. आधी हसायला आले. मग एकानं गाल धरून विचारलं की आलाच आहेस तर ही दाढ बघतोस का. दुसऱ्या दिवसापासून रांग. घोडे बांधायला जागा पुरेना. कुरणाकुरणांतून माणसं यायची, तोंड उघडायची आणि जाताना चार फुलं खुडून पोत्यात टाकायची, फी म्हणून. तुर्दुकुलसुद्धा येऊन गेला. त्याची दाढ काढली तेव्हा तो इतका ओरडला की तुझे भावजी तंबूच्या मागे जाऊन एकटेच हसले. मी पाहिलं.

त्यांचाही गाल सुजलाय. गवताचं कूस लागलं म्हणतात. एल्दियारनं एकदा नुसतं विचारलं, तर म्हणाले की माझ्या तोंडात हात घालू देण्याइतका अजून तू आमचा झालेला नाहीस. पोरगा म्हणाला की दाढेला हे माहीत नाही. यांनी घोड्याला टाच मारली.

शेवटी उतार हिरवा दिसायला लागला. म्हणजे हिरवा कसला, मातकट. पोती वाळली, त्यांनी आम्ही चहाचा समोवार पेटवला. उरलेल्यांच्या उशा केल्या, टोचतात. एल्दियार उघडी मूठ पुढे करून तुझ्या भावजींपुढे उभा राहिला. त्यांनी आधी उताराकडे पाहिलं, मग त्याच्या फुटलेल्या गुडघ्यांकडे, आणि पहिल्यांदाच सरळ आवाजात म्हणाले की पुढच्या जूनमध्ये ये, मग बघू.

त्यांना माहीत होतं की मुळं जमिनीत आहेत. मलाही माहीत होतं, सगळ्या कुरणाला माहीत होतं. पण त्या पोराला सांगायचं कुणाच्या तोंडून निघेना, कारण तो प्रत्येकाच्या तोंडात हात घालून बसला होता.

कळावे. लोभ ठेव, मी इकडे उशीवर डोकं ठेवते आणि टोचून घेते.

झूराकान-एजे

*

बिश्केक,
३ फेब्रुवारी २००२

ती. एजेस शि. सा. न. वि. वि.

नळ गोठले आहेत, द्विवचन पुन्हा एकवचनावर आलं आहे. कानिशाय परीक्षा देते, हातमोजे घालते आणि तुम्हा दोघांविषयी काही बोलत नाही. मोठी झाली. मागच्या आठवड्यात तुझ्या चुलत जावेनं एक स्थळ सुचवलं, कुणी तरी जकातीतला. कानिशाय म्हणाली की माझ्या कानाला भोकं एकदाच पाडलीत, ती एकाच जोडासाठी.

परवा मीच धीर करून एल्दियारला चहाला बोलावलं. प्रस्तावना केली. म्हटलं, वनस्पतींचे दोन प्रकार असतात. काही एका ऋतूत जन्मून मरतात. काही बहुवर्षायु असतात. वरून खुडलं तरी मूळ खाली स्वस्थ पडून राहतं आणि बर्फ वितळलं की पुन्हा डोकं काढतं. त्यानं शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, मामा, मी दातांचा डॉक्टर आहे. मूळ आत राहिलं की काय होतं, ते मला सांगू नका.

मी चहा सांडला. विचारलं, मग उन्हाळाभर गुडघे का फोडून घेतलेस? तर म्हणाला की अट माझ्यावर घातलीय, पण ती पुरी करणं माझ्या हातात नाही. मेंढ्या माझ्या नाहीत. त्या जोवर उतारावर आहेत तोवर मी दरवर्षी खुडीन आणि ते दरवर्षी येईल. हे त्यांचं त्यांना उमगेपर्यंत मी खुडत राहणार. त्यांना तोंडावर सांगायला गेलो तर त्यांचा मान जाईल. खुडायला माझे फक्त गुडघे जातात.

एजे, मी आयुष्यभर भाष्यकारांच्या पंक्तीत बसलो, पण एवढं नेमकं भाष्य कुणी केलेलं पाहिलं नाही. हा परिच्छेद भावजींना वाचून दाखवू नकोस.

कळावे. लोभ बहुवर्षायु असावा.

इशेनाली

*

खिंडीपलीकडून,
२९ जून २००२

चि. इशेनालीस अ. उ. आ.

पत्त्याकडे पुन्हा बघ. बघितलास? आता वाच.

तो परिच्छेद मी त्यांना वाचून दाखवला नाही. मी आपली माझ्यासाठी मोठ्यानं वाचत होते. तुझे भावजी त्या वेळी झोपले होते असं आम्ही दोघांनीही धरून चाललो. माझं वाचून झाल्यावर झोपलेल्या माणसानं विचारलं की ‘मान जाईल’ ते पुन्हा एकदा वाच.

मग जून उजाडला. आम्ही सारी-जोनवर चढलो तर पांढरं गेल्या वर्षीपेक्षा दुप्पट! लांबून बर्फ वितळायचं राहिलंय असं वाटावं. एल्दियार पोती घेऊन हजर. गुडघ्यांना चामड्याच्या पट्ट्या बांधून आला होता. म्हणजे तयारी बरीच वर्षं पुरेल अशी. खाली बसला आणि पहिलं फूल खुडलं. तुझे भावजी घोड्यावरून बघत होते. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, ऊठ. तो उठला. मग म्हणाले की तंबूच्या दोऱ्या सोडता येतात का तुला? नसतील येत तर शीक.

आम्ही कळप घेऊन निघालो तेव्हा सगळं कुरण दारात उभं होतं. पुढे तुर्दुकुलचा तंबू. मला वाटलं, आता हा काहीतरी बोलणार आणि सगळं मुसळ केरात. तुर्दुकुल नान घेऊन बाहेर आला. कालचा होता, कडक. त्यानं तुझ्या भावजींच्या सुजलेल्या गालाकडे पाहिलं, आत गेला, आणि परत आला तेव्हा तुकडा सायीत बुडवून भिजवलेला.

फुलांचं नाव काढलं नाही त्यानं. मी कान टवकारून होते.

तुझ्या भावजींनी घोड्यावरून उतरून तुकडा घेतला, तोंडात ठेवला, न चावता विरघळू दिला. मग तुर्दुकुल म्हणाला की मी तुला दिलेला तो कुत्रा नालायकच होता. तुझे भावजी म्हणाले की लांडगाही मोठा होता. एवढंच. इतक्या वर्षांचं भांडण, आणि सायीच्या एका घासात मिटलं. मला तर फसवल्यासारखं वाटलं. मी त्याच्या बायकोशी इतकी वर्षं बोलले नाही, ते कुणासाठी?

इथं गवत इतकं आहे की मेंढ्या दिसत नाहीत, नुसतं गवत बें बें करतं. वारा मात्र फार, आणि पाण्याला लांब जावं लागतं. तुझे भावजी संध्याकाळी खिंडीत जाऊन खाली सारी-जोनकडे बघत बसतात. काय बघता, विचारलं तर म्हणतात, गवत वाढताना दिसतं का ते.

डूल मात्र डबीतच. नानवर ठेवलेला हात तसाच आहे.

कळावे. लोभाला इथं चारा भरपूर आहे, पाठव.

झूराकान-एजे

*

बिश्केक,
६ जुलै २००३

ती. एजेस शि. सा. न. वि. वि.

भावजींचा निरोप तुर्दुकुलच्या मुलाकडून मिळाला: सारी-जोनवर दोन उन्हाळे मेंढीचा खूर पडलेला नाही, येऊन उतार पाहा, डूल आणा. एवढंच. त्यांच्या शैलीची बरोबरी आमचे सूत्रकारही करू शकले नाहीत.

रोझाबाईंनी डबी काढली, पुसली, ठेवली, पुन्हा काढली. त्यांना फक्त एक भीती आहे: अटीप्रमाणे शोधायचं त्यांनाच आहे, आणि मुठीत मावण्याइतकी फुलं सापडली तर? सापडून घ्यायची नाहीत, असा सल्ला मी दिला. त्या म्हणाल्या की नानवर हात ठेवलेल्या माणसाशी खोटं कसं वागायचं. पाहा, शहरातली बाई. मला वाटतं ती आपल्यातली होत चालली आहे, आणि नको त्या वेळी.

मी येऊ शकत नाही, परीक्षा आहेत. एकवचनाची परीक्षा, पण घ्यावी लागते. सगळं सविस्तर लिही. काही गाळू नकोस, विशेषतः भावजींचं.

कळावे. लोभ आणि वृत्तान्त, दोन्हीची वाट पाहतो.

इशेनाली

*

सारी-जोन,
१४ जुलै २००३

चि. इशेनालीस अ. उ. आ.

कळप तुर्दुकुलच्या पोरांवर सोपवून आम्ही आदल्या दिवशीच खाली उतरलो. इशेनाली, तू हा उतार ओळखला नसतास. गुडघ्याएवढं गवत, मधे मधे पिवळं, निळं, काय काय. पांढरं गेलं म्हणू नये. आहे. पण गवतानं त्याला कोपऱ्यात ढकललंय, इथं एक, तिथं दोन, भिकाऱ्यासारखी. तुझे भावजी सकाळपासून एकटेच फिरत होते. मला वाटलं, आनंदानं फिरतात.

पाहुणे आले, सगळं कुरण जमलं. आणि तुझे भावजी उताराच्या मध्यावर जाऊन मांडी घालून बसले. जिथं सोय केली होती तिथं नाही, आणि उठायलाही तयार नाहीत. मी म्हटलं, काय हे? तर एल्दियारला हाक मारली आणि तोंड उघडून बोटानं दाढ दाखवली. आत्ताच, इथंच काढ म्हणाले. पोरानं क्षणभर बघितलं, मग पेटी आणली. सगळे गोल करून उभे. दाढ निघाली, चांगली लांब मुळांसकट. तुर्दुकुल जवळ जाऊन म्हणाला की निदान ओरड तरी, मी ओरडलो होतो. हे ओरडले नाहीत. कापूस चावून बसून राहिले, आणि खुणेनं सांगितलं की दाढ काढल्यावर हलायचं नसतं. एल्दियार डॉक्टर असून गप्प बसला. हलायला काही हरकत नसते, हे मला कानिशायनं नंतर सांगितलं.

मग विहीणबाई शोधायला निघाल्या. सगळ्यांची नजर त्यांच्या हाताकडे. बिचारीनं प्रामाणिकपणे शोधलं, इशेनाली. झुडपाखाली, दगडामागे. घाम आला. मूठ उघडून दाखवली तर चार-दोन काड्या. तुर्दुकुलनं ती मूठ धरून सगळ्यांना दाखवली आणि म्हणाला की एवढ्यानं तर माझी म्हातारी कानही कोरणार नाही. अट फिटली.

डूल घातले. कानिशाय हलली नाही, पण विहीणबाईंना कानाचं भोक सापडेना, शेवटी पोरीनंच सासूचं मनगट धरून वाट दाखवली. जेवण उताराच्या मध्यावरच झालं, कारण मुलीचा बाप उठेना. मेंढ्याचं मानाचं डोकं त्यांच्यापुढे नेऊन ठेवलं. त्यांना चावता येत नव्हतं. एल्दियारनं कानाचा तुकडा बारीक करून दिला, तो त्यांनी त्याच्याच हातून घेतला.

शेवटी आशीर्वाद द्यायला उभं राहावंच लागलं. सगळे हात उघडून, डोळे मिटून. मी डोळे पूर्ण मिटत नाही, तुला माहीत आहे. ते उठले आणि जिथं बसले होते तिथं चांगला टोपलीभर पांढरा गुच्छ, चपटा झालेला, एका मुळावरचा. मूठच काय, ओंजळ भरली असती. सकाळी फिरून फिरून त्यांनी तोच शोधला होता.

आणि विहीणबाईंचेही डोळे मिटलेले नव्हते.

मला वाटलं, आता ही बोलणार. ही बाई नानवर ठेवलेला हात जाणणारी, गेल्या आठवड्यातच तुला खोटं कसं वागायचं म्हणणारी. तुर्दुकुल अजून डोळे मिटून पुटपुटत होता. विहीणबाईंनी गुच्छाकडे पाहिलं, तुझ्या भावजींकडे पाहिलं. त्यांच्या गालात कापूस, त्यामुळे चेहऱ्यावर काय आहे ते कुणाला कळणार. मग त्या निळ्या रेशमी पोशाखात दोन पावलं पुढे आल्या आणि मेंढ्यांच्या जुन्या लेंड्यांमध्ये, त्या गुच्छावर, मांडी घालून बसल्या. कप पुढे केला आणि तुर्दुकुलला मोठ्यानं म्हणाल्या की इथली हवा फारच छान आहे, मला अजून चहा हवा.

अंधार पडेपर्यंत त्या उठल्या नाहीत. तुझे भावजी स्वतः किटली घेऊन त्यांना वाढत होते.

कळावे. मूळ तिथंच आहे आणि पुढल्या वर्षी डोकं काढील. काढू दे, आता त्याच्यावर बसायला दोन माणसं आहेत. लोभ तसाच वाढवत राहा.

तुझी,
झूराकान-एजे

ता. क. खोगिराला तेल लावणं चालू आहे. कशासाठी ते विचारलं नाही.